भट्टीवरची दिवाळी

मैत्रिणींनो, दसऱ्याचं सोनं वाटून झालं, कोजागरीचं दूध आटवून झालं की आपल्या डोक्यात एक यादी फिरायला लागते. रवा किती, बेसन किती, भाजणी दळायला कधी टाकायची, अनारशाचे तांदूळ कधी भिजवायचे... शरद ऋतू म्हणजे पुस्तकात स्वच्छ आकाश आणि टिपूर चांदणं. आपल्या घरात मात्र शरद ऋतू म्हणजे तळणीचा वास!

फराळाचं ताट एकदा नीट आठवून बघा. चकली, शेव, चिवडा, करंजी, शंकरपाळे, लाडू, अनारसे. सगळं घरच्या कढईत तळलेलं किंवा घरच्या गॅसवर भाजलेलं. या सगळ्यांत एकच पदार्थ असा, जो कच्चा उंबऱ्याबाहेर जायचा आणि भाजून परत यायचा. तो म्हणजे नानकटाई.

असं का? कारण साधं आहे. आपल्या स्वयंपाकघरात चूल होती, तवा होता, कढई होती. चारही बाजूंनी सारखी आच देणारी भट्टी नव्हती. अगदीच नव्हती असंही नाही म्हणता येणार. कोकणात पावसाळा सरता सरता वेलीवर मोठी जून काकडी मिळते, तिला तवसं म्हणतात. ते किसून, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं आणि वेलची घालून धोंडस करतात. जाड बुडाच्या भांड्यात ते मिश्रण घालायचं, खाली मंद आच आणि वर झाकणावर निखारे. झाला आपला देशी ओव्हन! गोव्यातली बेबिंका अशीच वरच्या निखाऱ्यांवर एकेक थर भाजत करायची पद्धत. पण निखाऱ्यावर एका वेळी एकच भांडं बसतं. दिवाळीला डबेच्या डबे नानकटाई हवी, ती तशी कशी होणार? मग बेकरीशिवाय इलाज नव्हता.

नानकटाई मुळात आली कुठून, याची एक कथा सुरतेत सांगतात. सुरतेला डच व्यापाऱ्यांची वखार होती आणि त्यांच्यासाठी पाव भाजणारी बेकरी होती. डच निघून गेले तेव्हा बेकरी तिथं काम करणाऱ्या दोटीवाला नावाच्या पारशी गृहस्थांकडे आली. पाव खाणारे साहेब कमी झाले, तेव्हा त्यांनी गावातल्या लोकांना आवडेल असं बिस्कीट करायला घेतलं. अंडं नाही, भरपूर तूप. दोटीवालांची बेकरी सुरतेत पुढंही पिढ्यान्‌पिढ्या चालली. नावातला ‘नान’ हा फारसी भाषेतला भाकरी-पोळीसाठीचा शब्द. म्हणजे बघा, नाव फारसी, भट्टी डचांची, हात पारशाचे आणि ताट आपल्या लक्ष्मीपूजनाचं! पाव हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आलेला.

तालुक्याच्या गावात वाढलेल्या चाळिशीपुढच्या मैत्रिणींना ते बेकरीचे दिवस नक्की आठवत असतील. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप मोजून डब्यात भरायचं. पिशवीत चारोळीची पुडी वेगळी. बेकरीवाले चाचा डब्यावर खडूनं नंबर घालायचे. पावाचा घाणा निघाला की भट्टीची आच जरा उतरते; विटा तापलेल्या असतात, पण जाळ नसतो. नानकटाईला तशीच मऊ आच लागते. म्हणून दुपारची वेळ मिळायची. दुपारी सगळ्या आळीतल्या बायका तिथं जमायच्या. पीठ मळायला चाचांचा मुलगा, गोळे वळायला आपण, चारोळी टोचायला पोरं. पत्र्यांवर गोळे मांडले की चाचा लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून ते आत सरकवायचे. आणि मग काय तो वास!

अनेक गावांत ही बेकरी मुसलमान कुटुंबाची असायची, काही ठिकाणी आजही आहे. आपल्या दिवाळीच्या आधीचे आठ दिवस त्यांना जेवायला फुरसत नसायची. आपल्या डब्यातली पहिली नानकटाई चाचांच्या नातवाला आणि त्यांच्या ईदेचा शीरखुर्मा आपल्याकडे, हा व्यवहार कुणी ठरवून केलेला नव्हता. भट्टीसमोर एका रांगेत बसलं की ओळख होतेच. आज माणसामाणसांत अंतर पडेल असं बोलणारे पुष्कळ आहेत. आपल्या फराळाच्या ताटातला एक पदार्थ कुणाच्या भट्टीत भाजला जात होता, हे आपल्या मुलांना सांगायला हवं.

पण आज मला बोलायचंय ते आणखी एका गोष्टीबद्दल. डबा घेऊन निघताना चाचा किलोमागे मजुरी घ्यायचे. घरातली कर्ती मंडळी ती मुकाट देत. कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. उलट, “एवढ्या उन्हाचं भट्टीपुढं उभं राहतात बिचारे,” असंच म्हणायचे सगळे. खरंच आहे ते. पण त्याच घरात त्याच दिवशी तेलाच्या कढईपुढं चार तास उभ्या असलेल्या बाईला कुणी बिचारी म्हणालं का? फराळाच्या सगळ्या पदार्थांत एकट्या नानकटाईची मजुरी दिसायची, कारण ती घराबाहेर व्हायची. बाकीच्यांची मजुरी घरातच जिरायची.

केंद्र सरकारनं २०१९ साली देशभर एक पाहणी केली होती, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. त्यात आढळलं, की घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो. असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास आणि पुरुषाचा दीड तास. शिवाय असं काम करणारे पुरुष मुळात थोडेच. हा झाला साधा दिवस. दिवाळीच्या आदल्या आठवड्याचा हिशोब कोण मांडणार?

तो आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी मांडला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी रोज पेन्सिलीनं तास लिहिले. भाजणी भाजून दळून आणणं २, चकली ४, चिवडा २, दोन तऱ्हेचे लाडू ४, करंजी ५, शंकरपाळे ३. बेरीज २० तास. रोजचा स्वयंपाक, धुणीभांडी, साफसफाई यात धरलेलीच नाही. यजमानांनी बेरीज वाचली आणि म्हणाले, “मग विकतच आणू की सगळं!” त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ताई आम्हाला म्हणाल्या, “मला विकतचं नको होतं गं. शेजारी बसून कुणी करंजीला कातण फिरवली असती, तरी माझे पाच तास हसतखेळत गेले असते.”

या एका वाक्यात सगळं आलं, असं मला वाटतं. विकत आणण्यात काही कमीपणा नाही. नोकरी करणाऱ्या, एकटीनं घर ओढणाऱ्या, तब्येत साथ न देणाऱ्या बाईनं खुशाल विकत आणावं, आणि सासू-नणंदेनं नाक मुरडू नये. तेवढंच लक्षात ठेवावं, की तो पुडासुद्धा बहुतेक वेळा कुण्या बाईनंच भरलेला असतो, तेव्हा दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस नको. पण ज्यांना घरी करायची हौस आहे, त्यांनी ती एकटीनं का भागवायची? बेकरीत रांग होती, सोबत होती, कामाची वाटणी होती. म्हणून तर ते काम वाटायचंच नाही!

आता त्या भट्ट्याही कमी होत चालल्यात. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवेच्या दृष्टीनं ते योग्यच. तो आदेश मुंबईपुरता असला, तरी लहान गावांतही लाकूड महाग झालंय आणि चाचांची मुलं दुसऱ्या धंद्याला लागलीत. तुमच्या गावात अजून दिवाळीची नानकटाई भाजून देणारी बेकरी असेल, तर या वर्षी जरूर डबा घेऊन जा. नसेल, तर घरी करू. ओव्हन असलाच पाहिजे असं नाही.

पंचवीसेक नगांसाठी मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा एक मोठा चमचा, पिठीसाखर १२५ ग्रॅम आणि थिजलेलं साजूक तूप १२५ ते १४० ग्रॅम घ्या. अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ आणि एक मोठा चमचा दही.

तूप पातळ नको, हे पहिलं पथ्य. वितळलेल्या तुपाची नानकटाई भट्टीत पसरून चपटी होते. थिजलेलं तूप आणि पिठीसाखर परातीत तळहातानं आठ-दहा मिनिटं फेसा. पांढरं, हलकं झालं पाहिजे. यात जी हवा भरली जाते, तिनंच नानकटाई खुसखुशीत होते. मग दही घाला. मैदा, बेसन, सोडा, बेकिंग पावडर एकत्र चाळून घ्या, रवा मिसळा आणि फेसलेल्या तुपात घालून हलक्या हातानं गोळा करा. पोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही. तिंबलं की नानकटाई चिवट होते. गोळा कोरडा वाटला तर चमचाभर तूप घाला, पाणी मात्र नको. अर्धा तास झाकून ठेवा. लिंबाएवढे गोळे वळून किंचित चपटे करा, वर चारोळी किंवा पिस्त्याचा काप दाबा. ताटात बोटभर अंतर ठेवून मांडा, कारण त्या फुलतात.

ओव्हन आधी तापवून १६० ते १७० अंशांवर १५ ते २० मिनिटं ठेवा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या कढईत जाडं मीठ किंवा स्वच्छ कोरडी वाळू पसरा, त्यावर तिवई ठेवा, घट्ट झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग तूप लावलेली ताटली तिवईवर ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं झाकून भाजा. कढईत वरून आच नसते, त्यामुळे रंग जरा फिकाच राहतो. खालची बाजू बदामी झाली की काढा. गरम असताना नानकटाई मऊच लागते. “झालीच नाही” म्हणून पुन्हा आत ढकलू नका. गार झाली की आपोआप खुसखुशीत होते. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफ धरते.

तुपाबद्दल एक शब्द. डालडा हे नाव १९३७ साली बाजारात आलं आणि स्वस्त म्हणून वनस्पती तूप घरोघरच्या, बेकऱ्यांच्या नानकटाईत शिरलं. त्यातल्या ट्रान्स फॅटनं हृदयविकाराचा धोका वाढतो, हे पुढं कळलं. खाद्यतेल आणि वनस्पती तुपातलं त्याचं प्रमाण जास्तीत जास्त २ टक्के असावं, असा नियम आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण घरच्यासाठी करताय ना? मग दोन किलो वनस्पतीतली करण्यापेक्षा एक किलो साजूक तुपातली करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कामाची वाटणी. नानकटाई पंधरा दिवस सहज टिकते, तेव्हा ती तळणीच्या आधीच्या रविवारी करा. तूप फेसायला ज्याच्या हातात ताकद आहे तो पुरुष बसेल. वजनं करायला शाळेतली मुलं. गोळे वळायला आजी-आजोबा. बसून करायचं काम आहे, त्यांना जमतं. चारोळी टोचायला सगळ्यात धाकटं. आच सांभाळायला तुम्ही, आणि परात-ताटल्या घासायला ज्यानं सगळ्यात जास्त खाल्ल्या तो! गोळे लहानमोठे होतील, एखादी ताटली करपेल. होऊ द्या. एकदा घर या कामात बसलं, की पुढच्या रविवारी करंजीची कातण फिरवायला त्यातलंच कुणीतरी येईल.

बचत गटानं फराळाची ऑर्डर घेणाऱ्या मैत्रिणींनाही सांगणं आहे. अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या, आणि भाव ठरवताना मैदा-तुपाबरोबर आपले तासही धरा. आपण रवा ग्रॅममध्ये मोजतो आणि स्वतःचा वेळ मोजतच नाही. भट्टीवाले चाचा मजुरी सांगताना कधी लाजले होते का?

भाऊबीजेला रात्री पंगत बसते, भाऊ-भावजय, भाचे सगळे एकत्र जेवतात, तेव्हा आपण बहुतेक वाढतच असतो. या वर्षी बासुंदी वाटून झाली की नानकटाईचा डबा मधे ठेवा, ज्याला हवी तो हातानं घेईल. आणि आपलं पान मांडून आपणही त्याच पंगतीला बसा. ओवाळणीचं पाकीट भाऊ देईलच. त्याला सांगा, “दादा, पुढच्या वर्षी दोन दिवस आधी ये, तूप फेसायला माणूस हवंय!”