शेवटची कडी मुलाच्या हाती

“राहू दे, मीच घालते. उशीर होतो आहे.” शाळेच्या वेळी हे वाक्य ज्या घरात कधीच ऐकू येत नाही, असे घर विरळा. आई सदरा चढविते, आजी घास भरविते, ताई बुटांचे बंद बांधते. यात माया असते, घाई असते, आणि पुष्कळदा “याला जमणार नाही” अशी मनात धरलेली खूणगाठही असते. बहुतेक मुले एवढे लाड होऊनही इतरांचे पाहून आपोआप शिकतात. परंतु काही मुलांस नुसते पाहून येत नाही. कोणाच्या बुद्धीची वाढ सावकाश होते, कोणास स्वमग्नता असते, कोणाच्या बोटांची पकड कच्ची असते. अशा घरांतून “मीच करते” हे वर्षानुवर्षे चालू राहते. मूल अंगापिंडाने वाढते, आईबाप थकू लागतात, आणि एके दिवशी तोंडी येते, “आमच्यामागे याचे कसे होणार?”

या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर कोणा एका पद्धतीपाशी नाही. तथापि त्यातील बराच मोठा भाग हात धुणे, कपडे घालणे, अंघोळ करणे अशा रोजच्या कामांत आहे. ही कामे पायरीपायरीने शिकविण्याची एक शास्त्रशुद्ध रीत आहे. तिला पैसा लागत नाही. चिकाटी मात्र लागते. ट्रस्टच्या कुटुंबीयांस तिची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपण ज्यास ‘एक काम’ म्हणतो, ते वस्तुतः अनेक लहान कृतींची साखळी असते. हात धुणे हेच पाहा. बाह्या वर सारणे, नळ सोडणे, हात ओले करणे, साबण घेणे, तळहातावर चोळणे, साबण जागी ठेवणे, बोटांच्या बेचक्या व हातांची मागची बाजू चोळणे, फेस धुऊन टाकणे, नळ बंद करणे आणि पंचाने हात पुसणे, अशा दहा कड्या सहज निघतात. एक कडी पुरी झाली की तीच पुढच्या कडीची खूण ठरते. हात ओले झाले की साबण आठवतो, फेस झाला की पाणी आठवते. ज्या मुलाच्या मनात ही खूण बसलेली नसते, ते नळाखाली हात धरून नुसते उभे राहते, आणि आपण त्यास हट्टी अथवा आळशी ठरवितो.

या विचाराला प्रयोगाची जोड देणाऱ्यांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) यांचे नाव मुख्य आहे. त्यांनी एका उंदरास दोरी ओढणे, त्यामुळे खाली आलेली काचेची गोटी उचलणे, ती नळीपर्यंत नेणे आणि नळीत टाकणे, इतक्या कृती ओळीने करावयास शिकविले. खाऊ मिळे तो शेवटी. मधली प्रत्येक कृती तिच्या पुढच्या कृतीची वाट मोकळी करून देई. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हे वर्णन आले आहे. मूल म्हणजे उंदीर नव्हे, हे सांगावयास नकोच. परंतु लांबलचक काम लहान कड्यांतून बांधता येते आणि शेवटी हाती येणारे फळ साऱ्या साखळीस ओढ लावते, हा धडा पुढे शिक्षकांच्या, विशेषतः मंदगतीने शिकणाऱ्या मुलांच्या शिक्षकांच्या, फार उपयोगी पडला.

आता घरी हे कसे करावे? प्रथम एकच काम निवडावे. ते रोज होणारे असावे व मुलाच्या हाताच्या आवाक्यातले असावे. मग ते काम आपण स्वतः सावकाश करून पाहावे आणि हाताची प्रत्येक हालचाल कागदावर उतरवावी. मोठ्या माणसास हे काम इतके सवयीचे झालेले असते की निम्म्या कड्या त्याच्या ध्यानातच येत नाहीत. म्हणून लिहिणे अवश्य आहे. नंतर मुलास ते काम करू द्यावे आणि कोणत्या कड्या त्यास आधीच येतात, हे पाहून खूण करावी. “काहीच येत नाही” म्हटलेल्या मुलास दहापैकी तीनचार कड्या येत असल्याचे पुष्कळदा आढळते.

यापुढे शिकविण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली सुलट साखळी. तीत पहिली कडी मुलाने करावी, बाकीच्या आपण पुऱ्या कराव्यात. पहिली पक्की झाली की दुसरी जोडावी. दुसरी उलट साखळी. तीत आरंभीच्या सर्व कड्या आपण कराव्यात आणि अगदी शेवटची मुलावर सोडावी. तिसरी वाट म्हणजे दर वेळी सगळे काम मुलाकडूनच करवून घेणे आणि अडेल तेथे हात देणे. बहुतेक कड्या येत असून ज्याचा क्रम चुकतो, त्या मुलास ही बरी पडते.

यांतील उलट साखळी प्रथम ऐकणारास चमत्कारिक वाटते, पण लहान मुलांच्या कपड्यांच्या बाबतीत तिच्याइतकी सोयीची रीत नाही. चड्डी घालावयास शिकवायचे आहे असे समजा. पहिल्या काही दिवशी आपण ती पार ढुंगणापर्यंत चढवावी आणि कमरेपर्यंतची शेवटची ओढ मुलास घेऊ द्यावी. ते जमले की मांड्यांपासून, मग गुडघ्यांपासून, मग घोट्यांपासून, आणि सर्वांत शेवटी चड्डी हाती धरून पाय घालण्यापासून. यात खुबी अशी की, पहिल्या दिवसापासून काम संपते ते मुलाच्या हातून. “मी घातली” हे सुख त्यास रोज मिळते. शिवाय प्रत्येक नवी कडी शिकताना तिच्यापुढची वाट त्याच्या पायाखालची असते. अवघडाकडून सोप्याकडे गेल्यामुळे उमेद टिकते. सुलट साखळीत मात्र आरंभ मुलाचा आणि समाप्ती दुसऱ्याची, असे पुष्कळ दिवस चालते. म्हणून जेथे आरंभ सोपा असेल, तेथे ती वापरावी.

मदत कशी द्यावी आणि कशी काढून घ्यावी, यातच शिकविणाराचे खरे कसब आहे. आरंभी मुलाच्या हातावर हात ठेवून कृती करवावी. मग मनगटास आधार, मग कोपरास नुसता स्पर्श, मग बोटाने खूण आणि अखेरीस काहीच नाही, अशी मदत उतरत न्यावी. येथे एक सावधगिरी सांगतो. आपण फार बोलतो. “आता साबण घे, आता चोळ, आता पाणी” असे सतत सांगत राहिल्यास मूल नळाकडे पाहावयाचे सोडून आपल्या तोंडाकडे पाहते, आणि आपला शब्द हीच एक कडी होऊन बसते. हाताची मदत पुढे काढून घेता येते. शब्दांची सवय मोडणे अधिक कठीण जाते.

काम पुरे होताच शाबासकी द्यावी, आणि ती नेमकी असावी. “शहाणा माझा” यापेक्षा “गुंडी तूच लावलीस” हे अधिक कामाचे. चुकल्यास रागावू नये. एक कडी मागे जावे. एखाद्या कडीवर आठवडा अडला, तर ती कडी मोठी आहे असे समजून तिचे आणखी दोन तुकडे करावेत. लागोपाठ तीन दिवस विनामदत जमले की पुढची कडी घ्यावी, असा नियम मी ठेवतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज एक खूण केली म्हणजे प्रगती दिसते आणि घरच्यांचाही धीर वाढतो. बोटांची पकड नसेल, तर पायजम्यास नाडीऐवजी इलॅस्टिक घालावे. साधन बदलण्यात कमीपणा नाही. शिकण्यासाठी मुलाचे जेवण अडवून धरणे मात्र सर्वथा वर्ज्य समजावे.

ही रीत आपल्या समाजास अगदीच परकी नाही. आमच्या घरांतून मूल सहासात वर्षांचे झाले की वडीलधाऱ्यांशेजारी बसून वुजू शिकते. आधी मनगटांपर्यंत हात, मग चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत दोन्ही हात, डोक्यावरून ओला हात आणि शेवटी घोट्यांपर्यंत पाय. घरात असो की मशिदीच्या हौदावर असो, सर्वजण त्याच क्रमाने करतात, आणि म्हणूनच सावकाश शिकणारे मूलही ते शिकते. शेजारच्या घरी मुलगी ठिपक्यांची रांगोळी शिकते, तीही याच न्यायाने. क्रम ठरलेला आणि सर्वांचा सारखा असणे, यात निम्मे शिक्षण आहे. यावरून घेण्यासारखा बोध असा की, आई एक पद्धत, आजी दुसरी आणि वडील तिसरी, असे झाल्यास साखळी तुटते. कागद भिंतीस चिकटवावा आणि घरातील प्रत्येकाने त्याबरहुकूम वागावे.

शिक्षणाच्या क्षेत्रातही ही दृष्टी जुनी आहे. मादाम माँटेसरींच्या बालगृहांत गुंड्या, हूक आणि बंद यांच्या लाकडी चौकटी मुलांच्या हाती देत. १९३९ साली त्या स्वतः हिंदुस्थानात आल्या. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे ग्रामीण केंद्र काढले, तेथे अंगाची स्वच्छता ही शिक्षणाचाच भाग होती. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे केंद्र सरकारने १९८४ साली सिकंदराबादेस स्थापन केलेली, बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठीची राष्ट्रीय संस्था. जेवणे, दात घासणे, अंघोळ, कपडे यांसारखी कामे तुकड्या-तुकड्यांनी कशी शिकवावीत, हे सांगणाऱ्या पुस्तिका तिने पालकांसाठी काढल्या. हैदराबादेतील कुटुंबांनी या संस्थेचा सल्ला घेण्यास संकोच करू नये.

संकोचाविषयी आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. ज्या मुलास आपले अंग आपण धुता येते, त्याच्या अंगास परक्याचा हात लागण्याचे कारण उरत नाही. वयात आलेल्या मुलीस आपली महिन्याची स्वच्छता आपण राखता आली, तर तिची अब्रू व सुरक्षितता तिच्या स्वतःच्या हाती राहते. हे शिक्षण त्या वयाच्या बरेच आधी सुरू व्हावे लागते. प्रत्येक मूल साखळीच्या टोकापर्यंत पोहोचेलच असे नाही. परंतु दहापैकी सात कड्या ज्यास येतात, त्यास सांभाळणाराचे ओझे तितके हलके होते, आणि त्या मुलाची घरातील पतही वाढते.

ट्रस्टने आजवर मुलांच्या फीची व पुस्तकांची काळजी वाहिली आहे. या महोत्सवी वर्षात ज्या घरांतून अशी मुले आहेत, त्या मातांस महिन्यातून एकदा एकत्र बोलावून आपापले कागद एकमेकींस दाखविण्याची सोय झाली, तर त्यास खर्च फारसा येणार नाही. वाचकांस विनंती इतकीच की, येत्या आठवड्यात एक काम निवडावे, त्याच्या कड्या लिहून काढाव्यात, सकाळची दहा मिनिटे अधिक काढावीत, आणि शेवटच्या कडीपाशी आल्यावर आपला हात मागे घ्यावा.