ब्रँडेड डेस्कटॉपचा मदरबोर्ड बदलताना

बाजारात ‘ब्रँडेड’ म्हणून ओळखला जाणारा डेस्कटॉप, म्हणजे डेल, एचपी, लेनोवो अशा कंपनीच्या कारखान्यातूनच पूर्ण जुळून आलेला संगणक, दिसायला असेम्बल केलेल्या संगणकासारखाच असला, तरी मदरबोर्ड बदलण्याची वेळ आली की दोहोंतला फरक उघड होतो. मदरबोर्ड ही प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि पंखे यांना एकत्र जोडणारी मुख्य पाटी होय. असेम्बल संगणकात ती बहुधा इंटेलने १९९५ साली मांडलेल्या एटीएक्स मानकाला धरून असते. त्यामुळे स्क्रूंची भोके आणि वीजजोडाच्या पिना, बोर्ड कोणत्याही कंपनीचा असो, ठरल्या जागी सापडतात. कारखान्यावर मात्र हे मानक पाळण्याचे बंधन नसते.

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यातल्या सतवाससारख्या गावात या फरकाला व्यावहारिक वजन आहे. २००६ साली सुरू झालेल्या एमपी ऑनलाइनसारख्या सेवांमुळे परीक्षांचे अर्ज आणि प्रवेशाची कामे गावोगावच्या केंद्रांतून होऊ लागली, आणि एक संगणक बंद पडला की त्यामागची रांगही खोळंबते. सुटा भाग आणायचा तर कन्नोडमार्गे इंदूर गाठावे लागते. तिथल्या सिल्व्हर मॉलमध्ये नवे बोर्ड मांडलेले दिसतात, पण त्यांतला कोणता आपल्या संगणकाच्या पेटीत, म्हणजे कॅबिनेटमध्ये, बसेल हे ती पेटी उघडल्याखेरीज कळत नाही.

पेटी उघडल्यावर प्रथम पाहायचा तो एसएमपीएस, म्हणजे घरातील वीज संगणकाला लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत बदलणारा डबा. साधा एसएमपीएस चोवीस पिनांच्या जोडातून ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे वेगवेगळे दाब पुरवतो. अलीकडच्या अनेक ब्रँडेड संगणकांतला मात्र मुख्यतः १२ व्होल्टच देतो, उरलेले दाब बोर्ड स्वतः तयार करतो आणि डिस्कची वीजही बोर्डावरूनच जाते. अशा पेटीत साधा बोर्ड बसवला तर त्याला लागणारे दाब मिळण्याची सोयच राहत नाही. बाजारात मिळणाऱ्या जोडतारा साधा एसएमपीएस ब्रँडेड बोर्डाला जोडण्यासाठी असतात, उलट दिशेने त्यांचा उपयोग नाही, आणि गिऱ्हाइकाची फसगत नेमकी इथेच होते. १९९० च्या दशकाच्या अखेरच्या काही डेल संगणकांत तर जोडाचा आकार नेहमीचाच, पण तारांचा क्रम निराळा होता. तो साध्या बोर्डात सहज बसे आणि बोर्ड जाळून टाकी.

पुढच्या बटणाच्या तारा एकाच ठोकळ्यात बांधलेल्या असणे, पंख्याचा जोड वेगळा असणे, मागची खिडकी पत्र्यातच कापलेली असणे, या अडचणी त्या मानाने किरकोळ होत. मल्टिमीटर आणि कानस हाताशी असतील तर त्या सुटतात. प्रोसेसरच्या खोबणीची बाब मात्र तशी नाही. इंटेलच्या एलजीए ११५१ या एकाच नावाच्या खोबणीत २०१५ चे आणि २०१७ च्या अखेरीस आलेले प्रोसेसर दोन्ही बसतात, पण एकाच्या बोर्डावर दुसरा चालत नाही.

म्हणून जुन्या बोर्डावर छापलेला पार्ट नंबर उतरवून घेऊन त्याच क्रमांकाचा, वापरलेला का होईना, बोर्ड मिळवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. तो न मिळाल्यास कॅबिनेट आणि एसएमपीएस दोन्ही बदलण्याची तयारी ठेवावी; म्हणजे जुन्या संगणकातून डिस्क आणि, जुळली तर, मेमरी व प्रोसेसर एवढेच उरते, आणि त्याला दुरुस्ती म्हणणे धाडसाचेच.

बोर्ड उतरवण्याचे काम त्या मानाने सरळ आहे. वायर काढून बटण काही क्षण दाबून धरले की उरलीसुरली वीज निघून जाते. प्रोसेसर काढल्यावर खोबणीतल्या नाजूक पिनांना बोट लागू द्यायचे नाही. उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसून नवी लावायची.

खरी परीक्षा त्यानंतर होते. डिस्कशी बोलण्याची पद्धत नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत, जुन्यासारखी, एएचसीआय की रेड, ठेवली नाही तर विंडोज सुरूच होत नाही. विंडोज ८ पासून ब्रँडेड संगणकांत परवान्याची किल्ली बोर्डाच्या चिपमध्येच लिहिलेली असते, त्यामुळे बोर्डाबरोबर ती जाते आणि विंडोज पुन्हा सक्रिय करावे लागते. विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद केलेली डिस्क नव्या बोर्डावर ४८ अंकांची किल्ली मागते. म्हणून जुना बोर्ड अधूनमधून का होईना चालू होत असेल, तर पेचकस हातात घेण्याआधी ती किल्ली कागदावर उतरवून ठेवावी.