खेकड्यालाही दुखतं

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात रॉबर्ट एलवूड यांनी शंखात बिऱ्हाड करणाऱ्या खेकड्यांना विजेचे सौम्य झटके दिले. नावडता शंख वाट्याला आलेले खेकडे तो सहज सोडून गेले. पसंतीचा शंख असलेले त्यामानाने अधिक चिकटून राहिले. निव्वळ प्रतिक्षिप्त क्रियेत अशी तोलूनमापून केलेली निवड नसते. ३००हून अधिक अभ्यास तपासणाऱ्या अहवालानंतर, २०२२च्या ब्रिटिश कायद्याने खेकडे, शेवंड, ऑक्टोपस संवेदनक्षम मानले.

आपल्या १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस वगळता प्रत्येक सजीव येतो, म्हणजे खेकडाही. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! आणि बाजारात जिवंतपणीच नांग्या मोडताना हा कायदा कुणाला आठवतही नाही.