अद्भुत कादंबरीतील विश्वरचना आणि पात्रे

इंग्रजीतील ‘नॉव्हेल’ ह्या वाङ्मयप्रकाराला मराठीत ‘कादंबरी’ हे नाव बाणभट्टाच्या ग्रंथावरून मिळाले, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. ह्या नामकरणातील एक विसंगती मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. सातव्या शतकातील ज्या ग्रंथाचे नाव आपण घेतले, त्यातील कथेचा आरंभ एका बोलक्या पोपटापासून होतो. तीत चंद्र मनुष्यजन्म घेतो, शाप जन्मजन्मांतरी पाठलाग करतात आणि एका राजपुत्राचा देह मृत्यूनंतरही अविकृत राहतो. म्हणजे नाव एका अद्भुत कथेचे, आणि त्या नावाच्या वाङ्मयप्रकाराची आपली कसोटी मात्र जवळजवळ सर्वस्वी वास्तवाची. ह्या कसोटीला न उतरणाऱ्या कृती आपण एकतर बालवाङ्मयाकडे सोपवितो किंवा ‘रंजनप्रधान’ म्हणून बाजूस सारतो.

आज हा प्रश्न केवळ वाङ्मयेतिहासाचा राहिलेला नाही. पदव्युत्तर वर्गात येणारे अनेक विद्यार्थी टोल्किन किंवा हॅरी पॉटरच्या कथा मुळातून अथवा अनुवादातून वाचून आलेले असतात. त्यांतील काही कृती त्यांना मनापासून भावतात, काही पोकळ वाटतात. परंतु हा फरक कशामुळे पडतो हे सांगण्यास आपल्या समीक्षेची परिभाषा त्यांच्या फारशी उपयोगी पडत नाही. प्रस्तुत लेखात ह्या फरकाचा एक निकष मांडावयाचा आहे. तो असा : अद्भुत कादंबरीचे विश्व त्यातील चमत्कारांच्या संख्येने उभे राहत नाही, ते त्या विश्वाच्या नियमांनी उभे राहते. आणि त्यातील पात्रे सजीव होतात ती ह्या नियमांचे बंधन त्यांच्यावरही पडते तेव्हाच. नायकाची अडचण पाहून जेथे नियम वाकतो, तेथे विश्व आणि पात्र ही दोन्ही एकाच वेळी निर्जीव होतात.

ह्या निकषाची पहिली कसोटी आपल्या परिसरातीलच एका काव्यावर घेता येईल. ‘मेघदूत’ ही कादंबरी नव्हे. परंतु कल्पित नगरी वाचकाला खरी कशी वाटू लागते, हे त्यात फार स्पष्ट दिसते. नागपूरहून रामटेककडे जाणारा रस्ता कन्हान येथे त्याच नावाची नदी ओलांडून पुढे मनसरमार्गे रामटेकच्या टेकडीशी पोहोचतो. यक्षाचा रामगिरी म्हणजेच हे रामटेक, ह्या मताचा नागपूरचे विद्वान वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनी साधार पुरस्कार केला. वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिच्या रिद्धपूर ताम्रपटातील ‘रामगिरिस्वामी’चा उल्लेख हा त्यांच्या पुराव्यांतील एक महत्त्वाचा दुवा होय. छत्तीसगडमधील रामगढ हा रामगिरी मानणारा पक्षही आहे. कोणतेही मत स्वीकारले, तरी कालिदासाची पद्धती बदलत नाही. मेघाचा प्रवास डोळ्यांनी पाहता येणाऱ्या टेकडीपासून सुरू होतो. मग आम्रकूट, रेवा, विदिशा, उज्जयिनी असा नद्यानगरांचा ओळखीचा मार्ग लागतो. आणि ह्या मार्गावर विश्वास बसलेला वाचक कैलासाच्या कुशीतील अलकेत प्रवेश करतो तेव्हा आपण सीमा केव्हा ओलांडली हे त्याला कळतही नाही. कन्हानचा पूल ओलांडून रामटेकला गेलेल्या वाचकाला तर ह्या मार्गाचे पहिले पाऊल स्वतःच्या पायाखालचे असते.

परंतु भूगोल ही विश्वरचनेची केवळ बाह्य बाजू झाली. यक्ष हा दिव्य योनीतला. तो स्वतःच अलकेस का जात नाही? कुबेराच्या शापाने त्याचा महिमा लोपला आहे, हे कवी आरंभीच सांगतो. शापाची मुदत एक वर्षाची आहे आणि ती कोणाच्याही रदबदलीने कमी होत नाही. हे दोन नियम नसते तर मेघाला दूत करण्याचे प्रयोजनच उरले नसते. म्हणजे येथे नियम हा कथेला अडसर नसून कथेचे कारण आहे. पुढे अलकेत सर्व ऋतूंची फुले एकाच वेळी उपलब्ध असतात आणि तेथील स्त्रिया ती अलंकार म्हणून धारण करतात. यक्षपत्नी मात्र उंबरठ्यावर फुले मांडून विरहाचे उरलेले महिने मोजते. नगरीचे वैभव आणि एका स्त्रीचे दुःख ही दोन्ही एकाच वस्तूतून प्रकट होतात. विश्वरचना आणि स्वभावचित्रण ही दोन वेगळी कामे आहेत असे समजणाऱ्या लेखकाने ह्या स्थळाचा विचार करावा.

बाणाच्या ‘कादंबरी’त हेच तत्त्व अधिक कठोरपणे राबविलेले आढळते. तेथे तपस्व्याचे वचन खरे होतेच, असा नियम आहे. महाश्वेता आपल्या मृत प्रियकराची, पुंडरीकाची, अच्छोद सरोवराच्या काठी तप करीत वाट पाहत असते. वैशंपायन नावाचा एक तरुण तिच्यामागे लागतो. संतप्त होऊन ती त्याला पोपट होण्याचा शाप देते. आणि हा तरुण म्हणजेच पुनर्जन्म पावलेला पुंडरीक होता, हे तिला शाप उच्चारल्यानंतर कळते. बाणाच्या मृत्यूनंतर त्याच्या पुत्राने पूर्ण केलेल्या उत्तरार्धातील हा प्रसंग आहे. महाश्वेतेची सारी पुण्याई तिच्या वाणीत सामर्थ्य होऊन साठलेली आहे, आणि तेच सामर्थ्य तिच्यावर उलटते. ती नायिकेइतकीच सहानुभूतीस पात्र आहे म्हणून शब्द मागे फिरत नाही. तिची निष्ठा, तिचा संताप आणि तिची असहायता ही तिन्ही आपल्याला ह्या एका नियमामुळे जाणवतात. चमत्कार येथे पात्राला दुःखातून सोडवीत नाही. उलट त्या दुःखाला आकार देतो.

ह्या विचाराला आपल्या साहित्यशास्त्रात आधारही आहे. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात कथावस्तूच्या औचित्याची चर्चा केली आहे. केवळ मनुष्य असलेल्या राजाने सात समुद्र उल्लंघिल्याचे वर्णन कितीही भव्य असले तरी ते नीरस होते, असे तो म्हणतो. त्यावर पूर्वपक्ष असा की, सातवाहनासारखे राजे नागलोकी गेल्याच्या कथा तर प्रसिद्ध आहेत. मग राजांचा असामान्य प्रभाव वर्णिण्यात अनौचित्य कोणते? आनंदवर्धनाचे उत्तर मार्मिक आहे. राजांचा प्रभाव वर्णू नये असे त्याचे म्हणणे नाही. निव्वळ मानवी पात्राच्या कथेत दिव्य पात्राचे औचित्य योजू नये, एवढेच त्याचे म्हणणे आहे. सातवाहनादिकांविषयी जेवढा पराक्रम परंपरेने ऐकिवात आहे तेवढ्याचेच अनुसरण केले तर ते शोभते; त्यापलीकडे गेले की ते अनुचित होते. प्रतिष्ठानच्या ज्या राजवंशाला महाराष्ट्राच्या इतिहासात आद्यस्थान आहे, त्याच्याच निमित्ताने ही चर्चा व्हावी हा योगायोग लक्षणीय आहे. आनंदवर्धनाचा आक्षेप अद्भुतावर नाही. पात्राची प्रकृती आणि त्याचे कर्म ह्यांच्या विसंवादावर आहे. परंपरेने जे काम त्या काळी केले, ते आजच्या अद्भुत कादंबरीत लेखकाने घालून दिलेल्या नियमांना करावे लागते. कोणाला काय शक्य आहे, ह्याची मर्यादा वाचकाच्या मनात आधी निश्चित झालेली असावी लागते.

ही दृष्टी हाती घेऊन आरंभीच्या मराठी कादंबरीकडे पाहिले असता आपल्या समीक्षेने केलेले निदान तपासून पाहावेसे वाटते. लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) ह्या अद्भुतरम्य परंपरेच्या प्रातिनिधिक कृती होत. का. बा. मराठे ह्यांनी १८७२ च्या आपल्या ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंधा’त अशा लेखनातील असंभाव्यतेचा परामर्श घेतला. आपल्या समाजजीवनात कुतूहल वाटावे असे फारसे घडत नाही, म्हणून लेखक अद्भुताकडे वळतात, ही त्यांची मीमांसा आजही वाचनीय आहे. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी १९०२ च्या ‘कादंबरी’ ह्या निबंधात अद्भुत आणि वास्तव ह्या दोन्ही परंपरांचा व्यापक पटावर विचार केला. नागपुरात दीर्घकाळ अध्यापन केलेल्या कुसुमावती देशपांडे ह्यांनी मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचे साक्षेपी विवेचन केले. पुढे भालचंद्र नेमाडे ह्यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ ह्या तीन कृतींवरून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती कल्पिल्या. त्यांत ‘मुक्तामाला’ प्रवृत्ती ही रंजनाची ठरली.

ह्या विवेचनातून ह्या कृतींचे जे दोष पुढे आले, ते नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, त्या दोषांचे मूळ अद्भुतात आहे काय? ह्या कादंबऱ्यांत सद्गुणी नायिका आणि कारस्थानी खलपुरुष ह्यांचे स्वभाव पहिल्याच पानांत ठरून जातात. संकटे येतात आणि योगायोगाने टळतात. सद्गुणाचा जय व्हावयाचा हे आधीच निश्चित असल्यामुळे घटनांना नायिकेची परीक्षा घेता येत नाही. हा दोष चमत्काराचा नसून नियमहीनतेचा आहे. तसाच दोष सामाजिक कादंबरीतही असू शकतो. नायकाला ऐन वेळी वारसाहक्काने संपत्ती मिळणे आणि त्याला आकाशमार्गे विमान न्यावयास येणे, ह्यांत रचनेच्या दृष्टीने काही अंतर नाही. आपण पहिल्याला केवळ सैल रचना म्हटले आणि दुसऱ्यामुळे मात्र संपूर्ण वाङ्मयप्रकारच कमी दर्जाचा मानला. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’सारख्या लोकप्रिय कादंबरीचा स्वतंत्र रचनाविचार फारसा झाला नाही, त्याचे एक कारण हेच असावे.

शेजारच्या हिंदीतील उदाहरण ह्या संदर्भात उद्बोधक ठरेल. देवकीनंदन खत्री ह्यांच्या ‘चंद्रकांता’ (१८८८) ह्या कादंबरीचे विश्व ऐयारी आणि तिलिस्म ह्यांनी भरलेले आहे. परंतु ऐयाराची विद्या वेषांतर, बेशुद्धीची औषधे आणि शुद्धीवर आणणारे ‘लखलखा’ अशा मोजक्या साधनांची आहे. तिलिस्मही कोणीही फोडू शकत नाही. ज्याच्या नावे ते बांधले आहे त्यालाच ते फुटते. ह्या मर्यादा माहीत असल्यामुळे वाचक ऐयारांच्या डावपेचांत बुद्धीने सहभागी होऊ शकतो. पात्रे तेथेही फारशी खोल नाहीत. म्हणजे नियम ही आवश्यक अट असली तरी पुरेशी नव्हे, हेही ह्या उदाहरणावरून कळते. नियम पात्राच्या अंतःकरणापर्यंत पोहोचावा लागतो.

तो कसा पोहोचतो हे पाहण्यासाठी पाश्चात्त्य वाङ्मयातील दोन कृती पुरेशा आहेत. टोल्किन ह्याने १९३९ मध्ये परीकथांवर व्याख्यान देताना कल्पित विश्वाला ‘दुय्यम विश्व’ म्हटले आणि त्याची आंतरिक सुसंगती हीच वाचकाच्या विश्वासाचा पाया मानली. त्याच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) मध्ये अंगठी धारण करणाऱ्याचे मन ती हळूहळू ग्रासते, असा नियम आहे. शेकडो पृष्ठे ती वाहून नेणारा फ्रोडो अखेरीस ज्वालामुखीच्या तोंडाशी पोहोचतो, आणि तेथे ती टाकून देण्यास नकार देतो. लेखकाने आपल्या नायकासाठीही नियम वाकविला नाही. फ्रोडोचा हा पराभव वाचकाला अपमानास्पद न वाटता सत्य वाटतो, ह्यातच त्या विश्वाचे यश आहे. अर्सुला ल ग्विन हिच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) मध्ये वस्तूचे खरे नाव जाणणे म्हणजे तिच्यावर सत्ता मिळविणे होय. गेड हा तरुण मांत्रिक गर्वाने एक छाया मुक्त करतो आणि तिचे नाव ठाऊक नसल्यामुळे तिच्यापुढे असहाय होतो. शेवटी ती छाया त्याच्याच नावाची निघते. जगाचा नियम आणि पात्राचे आत्मज्ञान ह्यांची येथे एकच गाठ पडते.

ई. एम. फॉर्स्टर ह्याने १९२७ मध्ये सपाट आणि गोलाकार पात्रांचा भेद करताना, पटेल अशा रीतीने वाचकाला चकित करण्याची शक्ती ही गोलाकार पात्राची खूण मानली. अद्भुत कादंबरीत येथेच धोका असतो, कारण चकित करण्याचे काम चमत्कार परस्पर उरकून टाकू शकतो. म्हणून आश्चर्य घटनेचे आहे की मनुष्याचे, असा प्रश्न प्रत्येक प्रसंगी विचारावा. फ्रोडोच्या नकारात आश्चर्य मनुष्याचे आहे. महाश्वेतेच्या शापातही तेच आहे.

ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. सर्व काही नियमबद्ध केले तर अद्भुताचे गूढच नष्ट होणार नाही काय? जादूचे कोष्टक मांडणाऱ्या काही अलीकडील कादंबऱ्यांबाबत हा आक्षेप खराही ठरेल. परंतु नियम असणे आणि तो समजावून सांगितलेला असणे, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. जी. ए. कुलकर्णी ह्यांच्या ‘रमलखुणा’ (१९७५) मधील ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ ह्या दीर्घकथा ह्याची साक्ष देतात. तेथील प्रदेश कोणत्याही नकाशावर नाहीत, आणि नियती कोणत्या सूत्राने चालते हे लेखक उलगडून सांगत नाही. परंतु ती कोणासाठी थांबत नाही, एवढे वाचकाला निश्चित कळते. प्रौढ वाचकासाठी गंभीर अद्भुत कथा मराठीत लिहिता येते, ह्याचा ह्याहून वेगळा पुरावा नको. तिचा विस्तार कादंबरीएवढा व्हावयाचा मात्र बव्हंशी राहून गेला आहे.

ह्या दिशेने अभ्यास करू इच्छिणाऱ्याने प्रथम एखादी कृती घेऊन चार गोष्टींची नोंद करावी : त्या विश्वात काय अशक्य आहे, सामर्थ्याचे मोल कोण आणि कशाने देतो, नियमाचा भंग कोठे होतो, आणि तो भंग कोणाच्या सोयीसाठी होतो. ‘मुक्तामाले’पासून ‘वीरधवल’पर्यंतच्या कादंबऱ्यांची अशी तपासणी झाली, तर त्यांतील त्याज्य काय आणि टिकाऊ काय, हे केवळ ‘रंजनप्रधान’ ह्या एका शब्दाने ठरवावे लागणार नाही. आणि वाङ्मयप्रकाराचे नाव ज्या ग्रंथावरून आपण घेतले, त्याच्याकडे केवळ नावापुरते न पाहता रचनेचा आदर्श म्हणूनही पाहता येईल.