व्हिडिओ गेम कोणाचा? नातवाचा की आजोबांचा?

नातू टीव्हीसमोर बसून हातातल्या यंत्राची बटणं दाबत असतो आणि आपण आतल्या खोलीतून ओरडतो, "पुरे झाला आता पोरखेळ!" पण हा खेळ खरंच फक्त पोरांचा राहिला आहे का? याच प्रश्नावर बरीच वर्षं वाद चालू आहे. तो समजून घ्यायला जर्मनीतल्या कोलोन शहराकडे पाहू या.

ऱ्हाइन नदीकाठच्या या शहरात २००९ पासून 'गेम्सकॉम' नावाची व्हिडिओ गेमची मोठी जत्रा भरते. त्याआधी अशीच जत्रा लाइपझिगला भरत असे. २०२४ साली गेम्सकॉमला सुमारे ३ लाख ३५ हजार माणसं आली. तिथे मनगटावर वयाप्रमाणे पट्टी बांधतात. बारा, सोळा, अठरा अशा पायऱ्या असतात आणि पट्टी पाहूनच त्या त्या खेळापाशी सोडतात. म्हणजे गर्दीत सगळ्या वयाची माणसं असतात हे जत्रा भरवणाऱ्यांनी धरलेलंच आहे. एका दालनात तर जुनी यंत्रं मांडलेली असतात. तिथे बापच मुलाला शिकवतो, "हे मी तुझ्याएवढा असताना खेळायचो."

आता वाद काय तो पाहू. एक पक्ष म्हणतो, कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र, हे मुलांचं खेळणं. दुसरा पक्ष आकडे दाखवतो. जर्मनीतल्या गेम उद्योगाच्या संघटनेच्या पाहणीप्रमाणे अलीकडच्या वर्षांत तिथल्या खेळणाऱ्यांचं सरासरी वय सदतिसाच्या पुढे गेलं आहे.

असं का झालं? कारण साधं आहे. प्लेस्टेशन युरोपात आलं १९९५ साली. तेव्हा बारा वर्षांचा असलेला मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला. मोठा झाला म्हणून त्याने खेळणं सोडलं नाही. आपण तरुणपणी बिनाका गीतमाला ऐकली, म्हणून पुढे गाणी ऐकणं थांबवलं का? तसंच हे.

पण सरासरी या शब्दाने फसू नये. समजा, घरात पाच जण खेळतात. त्यांची वयं ८, १२, ४०, ४५ आणि ७५. बेरीज १८०, सरासरी ३६. पण त्या घरात छत्तीस वर्षांचं कोणीच नाही! शिवाय त्या पाहणीत मोबाईलवर खेळणारेही धरलेले असतात. आजी फोनवर पत्ते जुळवत बसली तर तीही खेळाडूच. त्यामुळे ती सरासरी काही नुसत्या कन्सोलवाल्यांची नव्हे. दोन्ही पक्षांचं थोडं थोडं खरं आहे.

म्हाताऱ्या माणसांना हे जमतं का? जमतं. २००६ साली निन्टेंडो कंपनीचं 'वी' हे यंत्र आलं. त्यात हातातली कांडी फिरवली की पडद्यावर चेंडू जातो. अनेक देशांतल्या वृद्धाश्रमांत त्यावर बोलिंग खेळली गेली. जर्मनीत 'मेमोरबॉक्स' नावाचं यंत्र मुद्दाम ज्येष्ठांसाठी बनवलं आहे. त्यात कांडीसुद्धा लागत नाही, नुसते हात आणि अंग हलवायचं.

मग धोका कुठे आहे? "गेम म्हणजे मुलांचाच" असं समजून आपण डोळे मिटून विकत घेतो, तिथे. आज कितीतरी खेळ मोठ्यांसाठीच बनतात. त्यात मारामारी, रक्तपात असतो. जर्मनीत 'यूएसके' ही संस्था १९९४ पासून खेळांना वयाचे शिक्के देते. ०, ६, १२, १६ आणि १८. दुकानदाराने लहान मुलाला मोठ्यांचा खेळ विकणं तिथे कायद्याने मना आहे. युरोपातल्या इतर बहुतेक देशांत 'पेगी'चे आकडे चालतात. ३, ७, १२, १६ आणि १८. हा आकडा खेळ किती अवघड आहे ते सांगत नाही. त्यातला मजकूर कोणत्या वयाला चालेल, एवढंच सांगतो.

आणखी एक गोष्ट. २०२३ पासून यूएसके शिक्का देताना खेळात पैसे खर्च करायला लावणाऱ्या युक्त्याही पाहते. म्हणून आपल्या बँकेचं कार्ड नातवाच्या यंत्राला जोडताना मुलाला किंवा सुनेला आधी विचारावं.

आपली नातवंडं ठाण्यात असोत, अश्दोदला असोत की जर्मनीत, भेटवस्तू घेताना डब्यावरचा आकडा चष्मा लावून वाचावा. आणि पुढच्या वेळी "पुरे झाला पोरखेळ" म्हणण्याआधी एकदा शेजारी बसून म्हणावं, "आण रे ते इकडे, मला पण शिकव." आपण हरलो तरी चालेल. नातू कोणाबरोबर काय खेळतो ते तर कळेल!