स्थानिक हवामान आराखडा आणि लोकसल्लामसलत : दिंडोरी तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना

हवामानबदलाची चर्चा जागतिक परिषदांत होत असली, तरी त्याचे परिणाम गावाच्या शिवारात भोगावे लागतात. अवकाळी पाऊस आणि गारपीट म्हणजे काय, हे दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारास समजावून सांगावे लागत नाही. पर्यावरणाचे प्रश्न संबंधित नागरिकांच्या सहभागाने हाताळावेत, असे १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातील दहावे तत्त्व सांगते. स्थानिक स्वराज्य संस्था पर्यावरणविषयक धोरण आखताना हे तत्त्व कसे आचरणात आणू शकतील, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची चौकट

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ठरावीक प्रकल्पांसाठी जनसुनावणी घेतली जाते. स्थानिक हवामान आराखड्यासाठी मात्र अशी स्वतंत्र वैधानिक सक्ती नाही. मुंबई महानगरपालिकेने २०२१ मध्ये नागरिकांच्या सूचना मागवून मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला. लहान संस्थांपुढे प्रामुख्याने राज्य शासनाचे, २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेले ‘माझी वसुंधरा’ अभियान आले. भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचमहाभूतांवर आधारलेल्या या अभियानात कामगिरीचे गुणांकन होते. गुणांकनाने कामास गती येते. तथापि किती झाडे लावली हे मोजता येते. ती कोठे व कोणती लावावीत हे कोणी ठरविले, हे केवळ त्या आकड्यावरून कळत नाही.

दिंडोरीचे वास्तव

या तालुक्यात ‘लोक’ म्हणजे कोण, हाच पहिला प्रश्न होय. दिंडोरी शहरासाठी नगरपंचायत आहे, तर गावांसाठी ग्रामसभा. तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने व राज्याच्या २०१४ च्या नियमांनी ग्रामसभेस विशेष अधिकार दिले आहेत. करंजवण, वाघाड, ओझरखेड, पालखेड ही धरणे याच तालुक्यात असली, तरी पालखेडचे पाणी कालव्याने निफाड व येवल्यापर्यंत जाते. साहजिकच येथील जलधोरणाचे हितसंबंधी तालुक्याच्या सीमेबाहेरही आहेत.

दुसरी अडचण वेळेची आहे. २ ऑक्टोबरची ग्रामसभा द्राक्षाच्या फळछाटणीच्या हंगामात येते. बागायतदार व मजूर त्या वेळी बागेत असतात. सुरगाणा-पेठ भागातून कामासाठी येणारे मजूर तर येथील मतदारयादीत नसल्यामुळे ग्रामसभेचे सभासदच ठरत नाहीत. उन्हाची सर्वाधिक झळ ज्यांना बसते, त्यांचेच म्हणणे अशा रीतीने नोंदीबाहेर राहते.

वाघाडचा धडा

शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. केवळ माहिती देणे व मत विचारणे या मधल्या पायऱ्या. निर्णयाचा अधिकार वाटून घेणे ही वरची. वाघाड प्रकल्पाने ही वरची पायरी गाठली. समाज परिवर्तन केंद्राच्या प्रेरणेने तेथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या व पुढे प्रकल्पस्तरीय संघाकडे सिंचन व्यवस्थापन आले. पाण्याचे घनमापन, वाटप व पट्टीवसुली शेतकऱ्यांनी स्वतः सांभाळली. निर्णयाचे परिणाम प्रत्यक्ष दिसू लागले की लोक सभेला येतात, हा त्याचा अर्थ. मात्र अशा संस्थांचा पाया लाभक्षेत्रातील जमीनधारणा हा असतो. भूमिहीनांचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून चार बाबी स्पष्ट होतात. आराखड्याचे प्रारूप सोप्या मराठीत, खर्चाच्या तपशिलासह आधी प्रसिद्ध व्हावे. बैठका शेतीचा हंगाम पाहून, पाड्यांवर व मजुरांच्या मुक्कामी घ्याव्यात. महिलांच्या सभेत पाणी व इंधन हे विषय आवर्जून असावेत. प्रत्येक सूचना स्वीकारली की नाकारली, हे कारणासह जाहीर करावे. यांपैकी शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. कारण उत्तर न मिळालेला नागरिक दुसऱ्यांदा सूचना देत नाही. पर्जन्यनोंदी, विहिरींची पातळी व सभांचे इतिवृत्त यांचे संकलन करण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांचे भूगोल, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र विभाग राष्ट्रीय सेवा योजनेच्या साहाय्याने करू शकतील. कायद्याने सक्ती केलेली नाही, म्हणून ही प्रक्रिया ऐच्छिक आहे. परंतु तिच्यावाचून झालेला आराखडा कागदावरच राहण्याची शक्यता अधिक.