पडक्या गढीचे छायाचित्रण : प्रकाशाच्या टेकाडावरून एक विचार

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादे तालुक्यात, तापी व गोमाई यांच्या संगमावर प्रकाशा हे गाव वसले आहे. केदारेश्वरादी शिवालयांमुळे भाविक त्यास दक्षिण काशी म्हणतात. पुरातत्त्वाच्या अभ्यासकास मात्र हे नाव अन्य कारणाने परिचित आहे. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वतीने बी. के. थापर यांनी १९५५ साली येथील टेकाडाचे उत्खनन केले व ताम्रपाषाणयुगापासून इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या सुमारापर्यंतच्या वस्तीचे चार कालखंड निश्चित केले. माळवा व जोर्वे पद्धतीच्या मृद्भांडांचा क्रम तापीच्या खोऱ्यात या उत्खननामुळे स्पष्ट झाला.

परंतु टेकाड म्हणजे तरी काय? पिढ्यान्‌पिढ्या पडत गेलेल्या मातीच्या घरांचाच तो ढीग होय. त्यात उभा खड्डा घेतला असता काळाचा क्रम हाती येतो. घराचा संपूर्ण आराखडा क्वचितच येतो. भिंत किती उंच होती, छत कसे होते, कोणत्या खोलीत काय चाले, या प्रश्नांपुढे उत्खनकास बहुधा अनुमानावरच थांबावे लागते. हीच प्रक्रिया आज खानदेशात आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. गावोगावी ओस पडलेली देशमुख-पाटलांची गढी हे घडत असलेले टेकाड होय. तिचे छायाचित्रण हा हौसेचा विषय न मानता संशोधनाचे अंग मानावे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

गढीचा ऱ्हास समजण्यासाठी तिची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. दगडी जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, आत सागवानी खांब व तुळयांचा सांगाडा आणि वर मातीचे सपाट धाबे, अशी ही सामान्य पद्धती आहे. धाब्यावर दर पावसाळ्यापूर्वी मातीचा नवा थर द्यावा लागतो. घर ओस पडले की हे काम थांबते आणि तेथूनच विनाशास आरंभ होतो. पाणी धाब्यातून मुरते, तुळयांची भिंतीत गेलेली टोके कुजतात, छत बसते. भिंतीचा माथा उघडा पडला की पाऊस तीत घळी पाडतो व तळाशी ओल चढून भिंत पोखरली जाते. पडलेली पांढरी माती शेतकरी खत म्हणून शेतात नेतात, कोरीव लाकूड विकले जाते. काही वर्षांतच केवळ जोते उरते.

एवढेच उरले म्हणजे अभ्यासकाची अवस्था काय होते, हे पुण्याच्या शनिवारवाड्यावरून दिसते. १७३० साली पायाभरणी झालेल्या या वाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या. छायाचित्रणाची कला जगापुढे जाहीर झाली ती १८३९ साली. अवघ्या अकरा वर्षांच्या अंतराने मराठी राज्याच्या सर्वांत मोठ्या वाड्याचे अंतरंग कायमचे अदृश्य झाले. पुढे १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि १८५५ साली कॅप्टन बिग्ज यांची पश्चिम भारतातील प्राचीन वास्तूंच्या छायाचित्रणासाठी नेमणूक झाली. तथापि लेणी, मंदिरे व मशिदी यांकडे जेवढे लक्ष गेले तेवढे राहत्या घरांकडे गेले नाही. ती उणीव अद्याप पुरी झालेली नाही.

आता पद्धतीविषयी. प्रथम गढीचा कच्चा आराखडा काढून प्रत्येक दालनास अक्षर द्यावे, आणि प्रत्येक छायाचित्राचा क्रमांक व कॅमेऱ्याची दिशा आराखड्यावर बाणाने दाखवावी. ही नोंद नसलेले चित्र कितीही सुंदर असले तरी पुरावा म्हणून दुबळे ठरते. दरवाजा, चारही बाजू, चौक, मग दालने आणि शेवटी सांधे व नक्षी, असा सामान्याकडून विशेषाकडे क्रम ठेवावा. मापदंड भिंतीलगतच उभा करावा. कॅमेरा भिंतीशी काटकोनात धरावा. तो वर कलविल्यास उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात व मापे घेता येत नाहीत. गिलाव्यावरील हत्यारांच्या खुणा तिरप्या उन्हात उठून दिसतात. अंधाऱ्या माजघरास तिपाई व दीर्घ प्रकाशन हवे.

छायाचित्रावरून मापे घेण्याची कल्पना ज्यास सुचली, त्या आल्ब्रेख्ट मायडेनबावरचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. १८५८ साली जर्मनीतील वेट्झलार येथील कॅथीड्रलची मापे घेताना तो उंचावरून पडता पडता वाचला; तेव्हा मापाचे काम चित्रावरून व्हावे असे त्याच्या मनात आले. आज एकमेकांवर पुरेशी चढणारी चित्रे घेतली असता संगणकाच्या साहाय्याने त्रिमिती आकृती सिद्ध होते. जीर्ण माडीवर पाऊल न टाकण्यास हे पुरेसे कारण आहे.

विद्यार्थ्यांची दृष्टी साहजिकच कोरीव खांबांकडे वळते. परंतु धुराने काळवंडलेली स्वयंपाकघराची भिंत, धान्याचे पेव, गोठा, देवळी यांचे मोल अधिक आहे. कारण उत्खननात खड्डे व राखेचे थर मिळतात, आणि त्यांचा अर्थ अशाच स्थळी उलगडतो. पडलेली तुळई हलवू नये. ती जेथे पडली तेथेच वास्तूच्या कोसळण्याचा क्रम लिहिलेला असतो. मालकाची अनुमती घ्यावी, सोबतीवाचून आत जाऊ नये, आणि विकाऊ नक्षीकामाचे नेमके ठिकाण प्रसिद्ध करू नये. कोणत्या खोलीस काय म्हणत, हे गावातील वृद्धांस विचारून त्याच दिवशी लिहून ठेवावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुनरावृत्तीची. खुणेच्या त्याच दगडावरून ज्येष्ठात पावसापूर्वी व कार्तिकात पावसानंतर, दरवर्षी तेच चित्र घ्यावे. पाच-सहा वर्षांत मातीची भिंत कोणत्या गतीने टेकाडात रूपांतरित होते, याचे प्रत्यक्ष प्रमाण हाती येईल. प्रकाशाच्या टेकाडातील घरे पडताना पाहणारे डोळे होते. नोंद करणारे साधन नव्हते. आपणांस तशी सबब सांगता येणार नाही.